डेट, डाउट, आयलंड: न उच्चारलेली अक्षरं आली कुठून?

प्रश्न असा आहे: कर्ज या अर्थाच्या 'डेट'मध्ये आणि 'डाउट'मध्ये 'बी', 'आयलंड'मध्ये 'एस' कशासाठी लिहितात? आणि अशी सायलेंट अक्षरं लक्षात ठेवायला काही नियम आहे का?

नियम आहे, पण सगळ्यांना मिळून एकच नाही. अक्षर शब्दात कुठल्या वाटेने शिरलं, त्यावर तो ठरतो.

डेट आणि डाउट फ्रेंचमधून इंग्रजीत आले तेव्हा त्यांत 'बी' नव्हताच. पहिला शब्द डी-ई-टी-टी-ई असा लिहीत. म्हणजे आपण चुकीचं समजतो तो उच्चारच जुना आहे, अक्षर मागाहून आलं. पंधराव्या-सोळाव्या शतकात लॅटिनचा दबदबा वाढला. या शब्दांची मुळं लॅटिन 'देबितुम' आणि 'दुबितारे' आहेत हे विद्वानांनी पाहिलं आणि मुळातला 'बी' स्पेलिंगमध्ये घातला. बोलणाऱ्यांनी मात्र उच्चार बदलला नाही. उद्या कोणी ठरवलं की 'दूध' हे 'दुग्ध'वरून आलंय, तर लिहायचं 'दुग्ध' आणि वाचायचं 'दूध', तर जे होईल तेच इथे झालं. 'रिसीट'मधला 'पी' याच घरातला. त्याची भावंडं 'डिसीट' आणि 'कन्सीट' यांतही काही काळ 'पी' लिहीत, पण तिथे तो टिकला नाही. इथे तर्क चालवून उपयोग नाही, ही तीन स्पेलिंगं शेजारी शेजारी लिहूनच पाठ करावीत.

काही शब्दांत लोकांनी घुसवलेलं अक्षर बोलायलाही सुरुवात केली. 'फॉल्ट'मधला 'एल', 'अ‍ॅडव्हेंचर'मधला 'डी' आणि 'पर्फेक्ट'मधला 'सी' हे असेच लॅटिन पाहून घातलेले, आणि आज ते स्पष्ट ऐकू येतात. म्हणून नवीन शब्दाचा उच्चार स्पेलिंगवरून ठरवू नका, कोशात बघा.

'आयलंड'ची गोष्ट वेगळी, ती निव्वळ चूक आहे. हा अस्सल जुना इंग्रजी शब्द, त्यात 'एस' कधीच नव्हता. फ्रेंचमधून आलेल्या, लॅटिन 'इन्सुला'पासूनच्या 'आइल'शी त्याचं नातं असावं असं समजून 'एस' डकवला गेला. 'कुड'मधला 'एल'ही असाच उपरा: 'शुड' आणि 'वुड' यांत तो मुळापासून होता, त्यांचं पाहून इथेही आला.

'नी' म्हणजे गुडघा, 'नाइफ', 'नो' यांतला 'के' मात्र एके काळी खरोखर बोलत. साधारण सतराव्या शतकात तो इंग्रजीतून गळला. जर्मन माणूस गुडघ्याला अजूनही 'क्नी' म्हणतो. छापखान्यांमुळे स्पेलिंग तोवर बरंच स्थिरावलं होतं, म्हणून अक्षर राहिलं आणि आवाज गेला. इथे जागेचा नियम चालतो: शब्दाच्या सुरुवातीला के-एन, जी-एन किंवा डब्ल्यू-आर आलं तर पहिलं अक्षर सोडा. शेवटी एम-बी आलं तर 'बी' सोडा: लॅम, क्लाइम, थम. मधे आलं तर सहसा सोडू नका, 'टिंबर' आणि 'सिग्नल' पूर्णच म्हणतात.

स्पेलिंग लक्षात ठेवायची सर्वांत भरवशाची युक्ती म्हणजे त्याच कुळातला असा शब्द शोधा, ज्यात ते अक्षर ऐकू येतं. डेटसाठी डेबिट, रिसीटसाठी रिसेप्शन, साइनसाठी सिग्नेचर, मसलसाठी मस्क्युलर, ऑटमसाठी ऑटम्नल, बॉमसाठी बंबार्ड, क्रमसाठी क्रंबल. लॅटिन कुळातल्या शब्दांना ही युक्ती बहुधा लागू पडते. आयलंड, कुड यांना लागू पडत नाही, कारण तिथलं अक्षर मुळात त्या कुळातलं नाहीच. असे शब्द वेगळ्या यादीत ठेवा.

एका ठिकाणी आपण मराठी माणसं हमखास अडकतो. साध्या शब्दाला नुसता 'अर' किंवा 'इंग' जोडला तर सायलेंट अक्षर सायलेंटच राहतं: क्लायमर, बॉमिंग, डेटर. 'प्लंबर'ही इंग्रजीत 'प्लमर' असाच उच्चारतात. त्यातला 'बी' लॅटिन 'प्लुंबुम' म्हणजे शिसं यातला, कारण पूर्वी पाण्याचे नळ शिशाचे असत. मराठी बोलताना 'प्लंबर' अगदी बरोबर आहे. इंग्रजी बोलताना तेवढा 'ब' गाळा.