राइट बंधूंची पत्रं : आकडे राहू द्या, आधी डास वाचा

प्रश्न : रिटायर झाल्यावर हौसेनं राइट बंधूंची छापलेली पत्रं वाचायला घेतली, पण दोन जाड खंड, त्यात पंखाचा कोन, वाऱ्याचा दाब, आकडेच आकडे. साठाव्या पानावर गाडी अडलीये. सोडून देऊ का? – एक वाचक, सांगली

उत्तर : अहो सोडू नका, फक्त पहिल्या पानापासून वाचत बसू नका, तिथेच सगळ्यांची गाडी अडते.

आधी ऑरविलनं बहीण कॅथरीनला लिहिलेली पत्रं काढा. जुलै १९०१ चं एक आहे, उडण्याच्या प्रयोगांसाठी अमेरिकेच्या समुद्रकाठच्या किटी हॉक गावाजवळ वाळूत तंबू ठोकलाय आणि डासांचा असा ढग आला की सूर्य झाकोळला, कपड्यांतून मोज्यांतून चावले, अंगावर कोंबडीच्या अंड्याएवढ्या गाठी, आणि गडी म्हणतो यापुढे टायफॉइड काहीच नाही. त्याला १८९६ मध्ये खरंच टायफॉइड झाला होता, म्हणजे अनुभवाचे बोल! मी तर हसून हसून पुस्तक खाली ठेवलं होतं.

मग विल्बर आणि ऑक्टेव्ह शनूट यांची पत्रं. शनूट शिकागोचे रेल्वे इंजिनिअर आणि उडण्याच्या प्रयोगांचे जाणकार, तेव्हा ६८ वर्षांचे. १३ मे १९०० च्या पहिल्याच पत्रात विल्बर म्हणतो की माणूस उडू शकतो या समजुतीचा मला आजार जडलाय, तो वाढत चाललाय, आता पैसे जाणार, कदाचित जीवही जाईल. ओळखपाळख नसलेल्या माणसाला असं लिहायचं म्हणजे बघा. पुढे दहा वर्षं शेकडो पत्रं झाली, आणि तुम्हाला नको झालेले आकडे इथेच कामाला येतात, कारण भावांच्या १९०१ च्या ग्लायडरला (बिनइंजिनाचं विमान) हिशोबाच्या जेमतेम एक तृतीयांश उचल, म्हणजे वर उचलणारा हवेचा जोर, मिळाली, मग डेटनला, म्हणजे आपल्या गावी, स्वतःच्या सायकलच्या दुकानात सहा फुटी लाकडी खोका करून त्यात वारा सोडून पंखांचे छोटे नमुने तपासले आणि काय सापडलं ते सगळं शनूटना कळवत राहिले.

१९१० मध्ये मात्र बिनसलं. पेटंटवरून वाद, शिवाय राइट बंधू माझे शिष्य असं शनूट सुचवतात हा विल्बरचा राग. शनूटनी लिहिलं, मित्रा, पैशाच्या हव्यासानं तुझी बुद्धी फिरलीये. (माझ्या मते चूक दोघांचीही, पण हे वाक्य जरा जास्तच लागणारं होतं.) एप्रिलमध्ये विल्बरनंच पुन्हा पत्र टाकलं, आम्ही भाऊ फारशा मैत्र्या करत नाही, आणि केलेली सहज सोडतही नाही. नोव्हेंबरमध्ये शनूट गेले.

एवढं वाचून झालं की परत साठाव्या पानावर या. मूळ हस्ताक्षरातली पत्रं बघायची असतील तर अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं स्कॅन करून नेटवर फुकट ठेवलीत, नातवाला सांगा, काढून देईल.