‘बाहेरचं खाणं’ इंग्रजीत कसं सांगायचं?

प्रश्न : ताई, मी परिचारिका आहे. परदेशी नोकरीसाठी आयईएलटीएस या इंग्रजीच्या परीक्षेची तयारी करते आहे. वाचन, लेखन, ऐकणं बरं चाललंय. बोलण्याच्या सरावात मात्र परवा फजिती झाली. सरांनी विषय दिला जंक फूड. मला आनंदच झाला, कारण त्यावरचा निबंध मला पाठ होता. ‘इन टुडेज फास्ट-पेस्ड वर्ल्ड’पासून सुरुवात करून चार वाक्यं धाडधाड म्हटली. सरांनी मध्येच थांबवून विचारलं, ‘व्हेन वॉज द लास्ट टाइम यू एट टू मच?’ आणि माझी दातखीळ बसली. खरं उत्तर होतं, आज सकाळी. रात्रपाळी संपवून घरी आले की मी चिप्सचं मोठं पाकीट एकटी संपवते आणि वर आइस्क्रीम खाते. परिचारिका असून हे कसं सांगू? दुसरं काही सुचलंही नाही. परीक्षेत असा प्रश्न आला तर खोटं बोलावं का? आणि या विषयावर दोन मिनिटं बोलायचं तरी काय?

उत्तर : खोटं बोलायला कुणाची बंदी नाही. परीक्षक चार गोष्टींना गुण देतात : बोलण्यातला ओघ आणि सुसंगती, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चारही सारख्याच वजनाच्या. तुम्ही सकाळी काय खाल्लंत यासाठी त्या कागदावर रकानाच नाही. समोरची व्यक्ती तुमची मेट्रन नाही आणि आहारतज्ज्ञही नाही. तुमच्या पाकिटाबद्दल तिला काडीचंही वाटत नाही. तुम्ही ‘आय एट’ म्हणता की ‘आय ईटेड’, याकडे मात्र तिचा कान असतो.

तरीही मी खोटं सुचवत नाही, आणि त्यात नीतीचा काही संबंध नाही. खोट्याला तपशील लागतात. ते जागच्या जागी रचायचे, तेही परक्या भाषेत, म्हणजे एका हाताने स्वयंपाक आणि दुसऱ्या हाताने विणकाम. खऱ्या गोष्टीचे तपशील तुमच्याकडे तयार असतात, फक्त शब्द शोधायचे उरतात. कोणती खरी गोष्ट सांगायची, ते मात्र तुम्ही ठरवायचं. सकाळचं पाकीट सांगायचं नसेल तर कुणाच्या तरी वाढदिवसाला केकचे तीन तुकडे खाल्ले होते, ते सांगा. तेही खरंच असेल ना?

पण मला विचाराल तर पाकीटच सांगा. तुमच्या पाठ निबंधाची अडचण अशी की त्यात माणूसच नाही. जग वेगवान आहे, जंक फूड घातक आहे, म्हणून ते टाळावं : हे कुणीही, कधीही, कुणाबद्दलही म्हणू शकतं. मी सतरा वर्षं मुलांचा सराव घेते आहे आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता ते कानावर पडताच माझा हात आपोआप चहाच्या कपाकडे जातो. दिवसभर तीच ती सुरुवात ऐकणाऱ्या परीक्षकाला पाठांतर ओळखायला किती वेळ लागत असेल? ओळखलं की ते तुम्हाला त्यातून बाहेर काढणारा प्रश्न विचारतात. तुमच्या सरांनी तेच केलं. त्यांचे आभार माना.

आता तुमची सकाळ बघू. बोलण्याच्या परीक्षेचे तीन भाग असतात आणि दुसऱ्यात विषयाचं कार्ड हातात देतात. समजा, जास्त खाल्ल्याचा एखादा प्रसंग सांगा असं कार्ड आलं. तयारीला एक मिनिट मिळतं, सोबत कागद आणि पेन्सिल. त्या मिनिटात वाक्यं लिहू नका, अर्धवट राहतील आणि मग बोलताना डोळे त्या अर्ध्या वाक्यावरच अडकतील. पाच-सहा शब्द टिपा : बारा तास, बूट, ओटा, पाकिटाचा आवाज, तळ, पाणी. एवढ्यावर दीड-दोन मिनिटं सहज निघतात. दोन मिनिटं झाली की परीक्षक स्वतःच थांबवतात, तेव्हा शेवट गोड करायची घाई नको. वाक्य मध्येच तुटलं तरी त्याने काही बिघडत नाही.

बोलायला लागलात की गंमत बघा. ‘आय हॅड बीन ऑन माय फीट फॉर ट्वेल्व्ह अवर्स.’ मी बारा तास उभी होते. मराठीत साधं ‘होते’ चालतं, इंग्रजीला तिथे ‘हॅड बीन’ लागतं आणि गोष्ट खरी असल्याने ते तोंडात नैसर्गिक येतं. ‘आय डिडन्ट इव्हन टेक माय शूज ऑफ.’ बूटसुद्धा काढले नव्हते. ‘आय वॉज ओन्ली गोइंग टू हॅव अ हँडफुल.’ मूठभरच खाणार होते, हे सगळेच म्हणतात, म्हणून ऐकणारा इथे हसतो. मग सवय सांगायला साधा वर्तमानकाळ, आणि पूर्वी असं नव्हतं हे सांगायला ‘यूज्ड टू’. म्हणजे पाच वेगवेगळ्या रचना आल्या आणि व्याकरण दाखवायचा एकही आटापिटा झाला नाही. पाठ निबंधात सगळी वाक्यं ‘इज’वरच चालत होती, आठवून बघा.

शब्दांचं थोडं सविस्तर लिहिते, कारण आपण इथेच घसरतो. मराठीत या विषयाला शब्दांचा तोटा नाही. आडवा हात मारणं वेगळं, तडस लागणं वेगळं, खा खा सुटणं आणखी वेगळं. पहिल्यात मजा आहे, दुसऱ्यात पोटाची शिक्षा, तिसऱ्यात नुसती वखवख. इंग्रजीतही असेच थर आहेत, पण आपण सगळीकडे एकच ‘ईट टू मच’ फिरवतो. ‘ओव्हरईट’ हा साधा, कुठेही चालणारा शब्द. ‘पिग आउट’ म्हणजे मित्रांत हसत सांगायचं खादाडपण. पहिल्या भागातल्या घरगुती गप्पांत तो शोभतो, तिसऱ्या भागातल्या गंभीर चर्चेत नाही. तडस लागली तर ‘आय वॉज स्टफ्ड’. खा खा सुटली तर ‘आय हॅड अ क्रेव्हिंग फॉर समथिंग सॉल्टी’. ‘बिंज’ जपून वापरा. मालिका बघण्यापासून सगळ्याला तो लावतात, पण खाण्याच्या बाबतीत त्याला वैद्यकीय वजन आहे.

आणि कृपा करून ‘आउटसाइड फूड’ म्हणू नका. ‘बाहेरचं खाणं’ हा आपला शब्द, त्याचं हे जसंच्या तसं उचललेलं रूप. मी स्वतः तयारी करत होते तेव्हा परदेशी शिक्षिकेला मोठ्या ऐटीत सांगितलं, ‘आय लव्ह आउटसाइड फूड.’ त्या म्हणाल्या, ‘म्हणजे बागेत बसून?’ हॉटेलात जाऊन खात असाल तर ‘आय ईट आउट’, घरी मागवत असाल तर ‘आय ऑर्डर अ टेकअवे’. तसंच ‘टू टेस्टी’. मराठीत ‘जास्त’ किंवा ‘लई’ म्हणत कौतुक होतं, पण इंग्रजी ‘टू’ बहुतेकदा तक्रार करतो. ‘इट्स टू टेस्टी’ म्हटलं की समोरचा पुढचा अर्धा भाग ऐकायला थांबतो : चवदार आहे म्हणून काय झालं? तिथे ‘रिअली टेस्टी’ म्हणा. ‘हात आवरत नाही’चं तर माझ्या एका विद्यार्थिनीने ‘आय कान्ट स्टॉप माय हँड’ केलं होतं. मला ते फार आवडलं, पण लोक ‘आय जस्ट कुडन्ट स्टॉप’ म्हणतात. आणि ‘फूड’चं अनेकवचन या विषयात विसरा. ‘जंक फूड’ एकवचनीच बरा.

लाजेबद्दल शेवटी लिहिते आहे, पण ती लहान गोष्ट म्हणून नाही. झोप तुटली की भूक वाढवणारं घ्रेलिन हे संप्रेरक वाढतं आणि तृप्तीची खबर देणारं लेप्टिन घटतं, असं काही अभ्यासांत दिसलंय. हे मी तुम्हाला सांगावं म्हणजे उलटी गंगा, तुम्ही वॉर्डात रोज बघत असाल. मग तेच बोला ना! ‘नाइट शिफ्ट्स मेस विथ युअर अॅपटाइट’ हे वाक्य परिचारिकेच्या तोंडी जितकं शोभेल तितकं माझ्या तोंडी नाही. परिचारिका असून खाते, यात लपवायचं ते काय? दोन मिनिटांच्या बोलण्यात तीच तर सगळ्यात ऐकण्यासारखी गोष्ट आहे.

एक मात्र विचारते. हे रोजचं झालंय का? थांबावंसं वाटूनही थांबता येत नाही, कुणी बघू नये म्हणून एकटीनेच खाल्लं जातं, नंतर स्वतःचाच राग येतो, असं आठवड्यामागून आठवडे चाललं असेल तर तो इंग्रजीचा प्रश्न नाही. मानसोपचारातल्या डीएसएम या निदान-पुस्तिकेच्या पाचव्या आवृत्तीत, 2013 साली, ‘बिंज ईटिंग डिसऑर्डर’ हे स्वतंत्र निदान म्हणून आलं. त्यावर उपचार आहेत. तुमच्याच रुग्णालयातल्या एखाद्या विश्वासाच्या डॉक्टरांशी बोला, आणि ते मराठीत बोला.

प्रश्न : तिसऱ्या भागात ‘जंक फूडवर सरकारने कर लावावा का’ असं विचारतात म्हणे. मला आकडेवारी काहीच माहीत नाही. पाठ करू का?

उत्तर : नको. चुकीचा आकडा सांगितला म्हणून गुण जात नाहीत, पण आकडा आठवताना जी शांतता पसरते तिचे जातात. हा भाग चार ते पाच मिनिटांचा असतो आणि तिथे मत आणि त्यामागचं कारण हवं असतं. उदाहरणं दोन-तीन माहीत असू द्यात, तीही गोष्टीसारखी. मेक्सिकोने 2014 मध्ये साखरेच्या पेयांवर कर लावला. ब्रिटनने एप्रिल 2018 पासून लावला, पण तो साखरेच्या प्रमाणावर : 100 मिलिलीटरमागे 5 ग्रॅमच्या आत असाल तर काहीच नाही. परिणाम असा की बऱ्याच कंपन्यांनी कर लागू होण्याआधीच पेयांतली साखर कमी केली. इथे ‘कर लोकांना बदलतो की कंपन्यांना?’ असा विचार आपोआप सुचतो, आणि तो बोललात की पुढचा मिनिट तुमचा. चिलीने 2016 मध्ये पाकिटांवर काळे अष्टकोनी शिक्के आणले : साखर जास्त, मीठ जास्त वगैरे.

‘लोकांना संयमच नाही’ हे मत द्यायचं असेल तर खुशाल द्या, पण उलट बाजूही हाताशी ठेवा. अमेरिकेत 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात 20 जणांना दोन आठवडे अतिप्रक्रिया केलेलं आणि दोन आठवडे साधं अन्न दिलं. दोन्हीकडे ताटात ठेवलेल्या साखर, मीठ, चरबी, तंतू यांचं प्रमाण जुळवलेलं होतं आणि हवं तेवढं खायची मुभा होती. अतिप्रक्रिया केलेल्या अन्नावर तेच लोक दिवसाला सुमारे 500 कॅलरी जास्त खात होते. माणसं तीच होती, संयमही तोच होता. संदर्भ, वर्ष सांगायची गरज नाही. ‘आय रेड अबाउट अ स्टडी व्हेअर...’ एवढं पुरे.

प्रश्न : मी ‘डेझर्ट’ म्हणतो, मित्र म्हणतो ते वाळवंट. कोण बरोबर?

उत्तर : मित्र. गोड पदार्थ असेल तर जोर शब्दाच्या दुसऱ्या भागावर, ‘डिझर्ट’. पहिल्यावर जोर दिला की वाळूच. त्याच यादीत आणखी दोन-तीन : ‘व्हेजिटेबल’मधला मधला ‘इ’ बोलत नाहीत, ‘व्हेज-ट-बल’ एवढंच, ‘चॉकलेट’चं ‘चॉक-लट’ होतं, ‘ओबीस’मध्ये जोर ‘बीस’वर. आपल्या बोलण्याला मराठी हेल आहे म्हणून गुण कापत नाहीत, समजायला अडचण आली तर कापतात. म्हणून ‘स्नॅक’चा ‘अॅ’ तेवढा नीट उघडा. सरावात एकाने मला सांगितलं होतं, रोज चार वाजता मी एक ‘स्नेक’ खातो. मी विचारलं, केवढा? तो म्हणाला, ‘स्मॉल पॅकेट, मॅम.’