एक सेकंद जास्त

प्रिय,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकीकडे दुबळ्या म्हणवल्या जाणाऱ्या फुटबॉल लीगमधला भरपूर पैसे देणारा क्लब, दुसरीकडे मोठ्या लीगमधला मोठा क्लब पण राखीव खेळाडूंच्या बाकावरची जागा: दोन्ही क्लबांचे आकडे, एजंटाचं म्हणणं, सोबतच्या खेळाडूंचं म्हणणं, सगळं तू सविस्तर लिहिलंयस. पण तुला खरं विचारायचंय ते शेवटच्या ओळीत घाईघाईनं उरकलंयस: ‘पैशासाठी त्या दुबळ्या लीगमध्ये गेलो तर माझी ऐन उमेदीची वर्षं वाया जातील का?’ म्हणून मी शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करतो.

ब्राझीलच्या ऑस्करचं उदाहरण तू दिलंस. सगळेच देतात. डिसेंबर २०१६ मध्ये इंग्लंडच्या चेल्सी क्लबनं त्याला चीनमधल्या शांघायच्या क्लबला विकलं, तेव्हा तो २५ वर्षांचा होता. पाच-सहा कोटी पौंडांचा सौदा. २०१४ च्या विश्वचषकात जर्मनीनं ब्राझीलवर सात गोल चढवले, त्या सामन्यात ब्राझीलचा एकुलता एक गोल याचाच. शांघायला जाईपर्यंत देशाकडून ४८ सामने खेळून झाले होते. गेल्यावर एकही नाही. आठ हंगाम तिथे काढले, तीनदा लीग जिंकली आणि २०२४ सरता सरता साओ पावलोला परतला. ‘वाया गेला’ म्हणणारे इथपर्यंतच सांगतात. जायच्या आधीचे तीन महिने मात्र कुणी सांगत नाही. चेल्सीनं खेळण्याची रचना बदलली होती आणि त्या नव्या रचनेत ऑस्करला जागाच उरली नव्हती. तो राहिला असता तर बाकावर बसला असता.

आता त्याच देशातला, त्याच लीगमधला, जवळपास त्याच काळातला दुसरा माणूस बघ. इंग्लंडच्या टॉटनहॅममध्ये जागा गमावलेला पाउलिन्यो २०१५ मध्ये चीनमधल्या ग्वांगझू क्लबला गेला. हाही संपला, असंच लोक म्हणाले. मार्च २०१७ मध्ये त्यानं ब्राझीलकडून माँटेव्हिडिओत उरुग्वेविरुद्ध तीन गोल केले, तेव्हा तो चीनमध्येच खेळत होता. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये बार्सिलोनानं चार कोटी युरो मोजून २९ वर्षांच्या या माणसाला घेतलं.

लीग एक आणि निकाल असे दोन टोकांचे का, याचा मी बराच विचार केलाय. एक तर पाउलिन्योला ओळखणारी माणसं योग्य जागी होती. ग्वांगझूत प्रशिक्षक होते स्कोलारी, ज्यांनी त्याला विश्वचषकात खेळवलं होतं. २०१६ मध्ये ब्राझीलची सूत्रं टिटे यांच्याकडे आली, आणि ब्राझीलमधल्या कोरिंथियन्स क्लबमध्ये पाउलिन्यो त्यांच्याच हाताखाली मोठा झालेला. तो काय करू शकतो हे कळायला टिटेंना चिनी लीगचे सामने बघत बसायची गरज नव्हती. दुसरं माझं स्वतःचं मत आहे. पाउलिन्योचा खेळ धावण्याचा, मागून येऊन नेमक्या क्षणी गोलपुढे पोहोचण्याचा. तो कुठल्याही मैदानावर करावाच लागतो. ऑस्करचा खेळ गर्दीत जागा शोधण्याचा, आणि जिथे जागा आयती मिळते तिथे ती शोधण्याची सवयच मोडते.

ही सवय मोडते कशी, ते मी स्वतः भोगलंय.

सव्विसाव्या वर्षी मी अशाच एका लीगमध्ये गेलो. दोन हंगाम खेळलो, भरपूर गोल केले, लोकांनी डोक्यावर घेतलं. मग परत वरच्या पातळीवर आलो. पहिल्याच दिवशी सरावात एक साधा पास माझ्याकडे आला. मी तो उजव्या पायानं थांबवला, मान वर केली, कुठे द्यायचा ते ठरवलं, पाय उचलला, आणि चेंडू तिथे नव्हताच. एकोणीस वर्षांचा एक पोरगा तो घेऊन पुढे निघून गेला होता. मला वाटलं, होतं असं कधीकधी. पंधरा मिनिटांत चारदा झालं. माझा वेग कमी झाला नव्हता, वजन वाढलं नव्हतं, दमसास उत्तम होता. त्या रात्री मी जुने व्हिडिओ काढून बसलो. जायच्या आधीच्या सामन्यांत चेंडू पायाशी यायच्या आत मी दोन-तीनदा खांद्यावरून मागे बघायचो. दोन वर्षांनंतर एकदा बघत होतो, कधी तेही नाही. तिकडे बचावपटू अंगावर यायला एक सेकंद जास्त घ्यायचे. त्या सेकंदात मला चेंडू घेऊन मग बघता यायचं, म्हणून आधी बघणं आपोआप सुटलं. कुणी टोकलं नाही, कारण गोल होत होते. ती एक मानेची सवय परत लावायला मला आठ महिने लागले, आणि माझं वय त्या आठ महिन्यांसाठी थांबलं नव्हतं.

म्हणून लीग दुबळी की बलवान, हे मला पुरेसं वाटत नाही. तिथे दर आठवड्याला तुझ्याकडून काय मागितलं जाणार आहे, ते मला हवंय.

स्वीडनचा हेन्रिक लार्सन हा माझा आवडता दाखला. पंचविसाव्या वर्षी सेल्टिक क्लबला गेला आणि बत्तिशीपर्यंत तिथेच राहिला. म्हणजे अख्खी उमेद स्कॉटलंडमध्ये. युरोपातल्या सर्वाधिक गोलांसाठी जो गोल्डन शू देतात, त्यात मोठ्या लीगमधल्या गोलाला दोन गुण आणि त्याखालच्या लीगमधल्या गोलाला दीड गुण असतो. २००० - ०१ च्या हंगामात लार्सननं ३५ गोल करून दीडच्या हिशेबानं तो जिंकला. तरी लोक म्हणायचेच, स्कॉटलंडमध्ये कुणीही करील. मग २००३ मध्ये सेल्टिक युरोपातल्या क्लबांच्या यूएफा चषकाच्या अंतिम सामन्यात पोहोचला. वाटेत लिव्हरपूलला हरवलं. सेव्हियातल्या त्या अंतिम सामन्यात प्रशिक्षक मोरिन्योच्या पोर्टो क्लबविरुद्ध लार्सनचे दोन गोल होते. सामना गेला, पण तो काय दर्जाचा आहे हे त्या संध्याकाळी सगळ्यांनी बघितलं. पुढे २००६ च्या चॅम्पियन्स लीग फायनलमध्ये, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, बार्सिलोनाकडून बदली खेळाडू म्हणून उतरून आर्सेनलविरुद्धचे दोन्ही गोल त्यानं तयार करून दिले. घरच्या लीगमध्ये काही सामने सोपे गेले असतील, पण दर वर्षी युरोपात त्याला कुणीतरी घाम फोडत होतं. तेव्हा त्या क्लबला लीगबाहेर कुणाशी खेळावं लागतं, ते विचारून घे.

आणि दुबळी म्हणतात ती लीग उद्याही दुबळीच राहील, असं समजू नकोस. लापोर्त सौदीच्या अल-नस्र क्लबमध्ये खेळत असताना स्पेनच्या बचावात उभा राहिला आणि २०२४ चा युरो चषक जिंकून आला. २०२५ च्या क्लब विश्वचषकात सौदीच्याच अल-हिलालनं मँचेस्टर सिटीला ४-३ नं घरी पाठवलं, त्या संघात पोर्तुगालचा रुबेन नेव्हेस होता. तो सौदीला गेला तेव्हा २६ वर्षांचा होता आणि त्याच्या नावानं लोकांनी किती बोटं मोडली होती ते मला आठवतंय. पोर्तुगालनं त्याला सोडलं नाही. उलट २०१६ च्या युरो चषकासाठी इटलीचे प्रशिक्षक कोन्ते यांनी जोविंकोला घेतलंच नाही, आणि तो तर आदल्याच वर्षी अमेरिकेतल्या लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला होता. त्या लीगमध्ये जायचे परिणाम भोगावे लागतात, असं कोन्ते आधी जाहीरपणे बोलले होते. मला तो निर्णय अन्यायाचाच वाटतो. पण तुझ्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक काय मानतो, ते सहीच्या आधी तुला कळलेलं बरं.

ही चर्चा आजची आहे असंही समजू नकोस. १९४९ मध्ये अर्जेंटिनात खेळाडूंचा संप चिघळला आणि तिथला डी स्टेफानो बोगोटाला मियोनारिओस क्लबकडून खेळायला गेला. कोलंबियाची ती लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती, पैसा मात्र अमाप होता. पुढच्याच वर्षी इंग्लंडचा नील फ्रँकलिनही बोगोटाच्याच सांता फे क्लबकडे गेला. इंग्लंडमध्ये तेव्हा कितीही मोठा खेळाडू असला तरी आठवड्याला १२ पौंडांपेक्षा जास्त देता येत नव्हते, त्यामुळे त्याला दोष द्यावा असं मला कधीच वाटलं नाही. पण १९५० चा विश्वचषक हुकला, काही महिन्यांत तो परत आला, बंदी भोगली, आणि २७ सामन्यांनंतर इंग्लंडचा शर्ट त्याला पुन्हा मिळाला नाही. डी स्टेफानो चार वर्षं राहिला. त्याच्या बाजूला पेदेर्नेरा आणि रोस्सी यांच्यासारखे खेळाडू होते, रोजचा सराव त्यांच्याबरोबर. १९५२ मध्ये याच मियोनारिओसनं माद्रिदला जाऊन रिआल माद्रिदला हरवलं, वर्षभरात रिआलनं डी स्टेफानोला उचललं, आणि पुढे लागोपाठ पाच युरोपियन कप. एकच शहर, एकच लीग. सामना आठवड्यातून एकदा असतो. सराव रोज असतो. तिथे सरावाला तुझ्यासमोर कोण उभं राहणार आहे?

पैशाबद्दल तू माफी मागितल्यासारखं लिहिलंयस. तसं लिहू नकोस. गुडघ्याचा एक लिगामेंट तुटला की सगळी गणितं बदलतात. नेमार अल-हिलालला गेला आणि दोन महिन्यांत ब्राझीलकडून खेळताना त्याचा गुडघा गेला. त्या क्लबकडून सात सामनेच खेळून झाले. घरच्यांच्या डोक्यावरचं कर्ज एका सहीनं फिटत असेल तर त्याचा विचार करणं हा शहाणपणा आहे. फक्त तो पैसा खरंच हातात येईल ना, ते बघ. जिआंग्सूनं नोव्हेंबर २०२० मध्ये चिनी लीग जिंकली आणि फेब्रुवारी २०२१ मध्ये क्लबच बंद पडला. पाउलिन्योचा ग्वांगझू, आठ वेळचा विजेता, जानेवारी २०२५ मध्ये कर्जापायी संपला. मालकाचा मूळ धंदा काय आहे, तो कसा चाललाय, पगाराला बँक हमी आहे का, हे एजंटाला विचार. तो ‘ते बघू नंतर’ म्हणाला तर मला कळव.

नियमही बदलतात. २०१७ चा हंगाम तोंडावर असताना चीननं सामन्यात तीनच परदेशी खेळवायचा नियम आणला, आणि मोठ्या करारांवर आलेल्या काहींना प्रेक्षकांत बसून सामने बघावे लागले. परदेशी खेळाडूंची मर्यादा किती आणि क्लबकडे आधीच किती जण आहेत, हे तुझ्या पत्रात कुठेच नाही.

आता तुझ्या दुसऱ्या प्रस्तावाबद्दल. मोठा क्लब, मोठी लीग आणि बाकावरची जागा. तू त्याला ‘सुरक्षित’ म्हटलंयस, तिथे मी अडखळलो. बावीस ते चोवीस ही दोन वर्षं बाकावर गेली तर ती कुठल्या लीगच्या बाकावर गेली याला काय अर्थ आहे? नॉर्वेचा ओदेगार्ड सोळाव्या वर्षी रिआल माद्रिदला गेला आणि अडकला. सुटला तो नेदरलँड्समध्ये. हीरेनवीन, मग व्हिटेसे, मग स्पेनमधला रिआल सोसिएदाद, सगळीकडे लोनवर, म्हणजे ठरावीक काळासाठी उसना दिलेला, आणि सगळीकडे चेंडू त्याच्याकडे यायचा. तेविसाव्या वर्षी तो आर्सेनलचा कर्णधार होता. हालांडनं ऑस्ट्रियाच्या लीगमध्ये एक वर्ष काढलं, पण साल्झबर्ग हा खेळाडू घडवून वर पाठवणारा क्लब आहे, आणि तिथूनच त्यानं चॅम्पियन्स लीगच्या पहिल्याच सामन्यात तीन गोल केले. उलट जॉन डुरान एकविसाव्या वर्षी ॲस्टन व्हिला सोडून सौदीला गेला आणि सहाच महिन्यांत लोनवर तुर्कीला.

तुझ्या जागी मी असतो तर तिसरी वाट मागितली असती. मोठ्या क्लबशी करार कर, पण पहिलं वर्ष मधल्या फळीतल्या एखाद्या लीगमध्ये लोनवर, आणि तेही तुला सुरुवातीपासून खेळवणाऱ्या प्रशिक्षकाकडे. ते नाही म्हणाले आणि घरची निकड मोठी असेल, तर पैशाच्या करारावर सही कर; पण तीनऐवजी दोन वर्षं, रिलीज क्लॉजचा आकडा, म्हणजे जेवढे पैसे भरले की दुसरा क्लब तुला करारातून सोडवू शकतो तो, परवडण्याजोगा, आणि महिन्याला एक पूर्ण सामना मला पाठवायचा. गोलांची चित्रफीत नको, नव्वद मिनिटं हवीत.

तू गेल्या आठवड्यात पाठवलेल्या सामन्याचा पूर्वार्ध मी बघितलाय. चेंडू तुझ्याकडे एकतीस वेळा आला. त्यातल्या एकोणीस वेळा तू आधी मागे बघितलंस. उत्तरार्ध तू मोज आणि रविवारी फोन करताना आकडा सांग. दोन्ही करारांचे कागद जवळ ठेव, कलमं एकेक करून वाचू. तोवर सही करू नकोस.

तुझा,
सर