एमबीएची फी भरण्याआधी

चिपळूणच्या एका वाचकांनी लिहिलंय: वय 41, केमिकलचा डिप्लोमा, लोटे एमआयडीसीतल्या कारखान्यात 17 वर्षं, शेवटी शिफ्ट सुपरवायझर. युनिट बंद झालं, आठ महिने घरी आहेत. मुदत ठेव 3,60,000. घरखर्च महिना 24,000, पत्नीच्या शिवणकामातून 9,000 येतात. दोन वर्षांचं ऑनलाइन एमबीए 2,40,000 रुपये भरून करावं का? ‘शिक्षण कमी पडलं म्हणूनच कोणी बोलावत नाही,’ असं ते लिहितात.

हे वाक्य मला लागलं. 17 वर्षं रिअॅक्टरवरची पाळी सांभाळलेल्या माणसाने स्वतःला कमी शिकलेला का म्हणावं? केंद्राच्या श्रमबल सर्वेक्षणात 2022-23 साली 15 वर्षांवरच्या सगळ्यांचा मिळून बेरोजगारीचा दर 3.2 टक्के होता आणि पदवीधरांचा 13.4 टक्के. गाठीला पैसा नसलेल्याला रिकामं बसणं परवडतच नाही. तो आंब्याच्या बागेत, होडीवर, मिळेल त्या रोजावर जातो. पदवीधर आपल्या जोगती नोकरी शोधत थांबतो, आणि तशा नोकऱ्या कोकणात मोजक्याच. तेव्हा नुसती आणखी एक पदवी घेतली की नोकरी येईल, हे मला पटत नाही.

आता पैशाचं. तूट महिना 15,000. ठेवीवर 24 महिने निघतात. फी भरलीत तर 1,20,000 उरतील, म्हणजे आठ महिने, आणि अभ्यासक्रम आहे 24 महिन्यांचा. नवव्या महिन्यात वहिनींचे दागिने गहाण पडतील. तुम्ही 22 जुलै 2021 चा पूर पाहिलाय, हाताशी रोख असण्याची किंमत तुम्हाला मी काय सांगणार! माझं उत्तर स्पष्ट आहे: हे एमबीए घेऊ नका.

शिका मात्र जरूर. प्रमाणपत्र नसलेल्या माणसाच्या हाती कारखानदार बॉयलर देऊ शकत नाही, कायदाच तसा आहे. धोकादायक रसायनं हाताळणाऱ्या मोठ्या कारखान्यांनाही सेफ्टी ऑफिसर नेमावाच लागतो. त्यासाठी महाराष्ट्र राज्य तंत्रशिक्षण मंडळाचा औद्योगिक सुरक्षेचा एक वर्षाचा अॅडव्हान्स्ड डिप्लोमा आहे. तुमचा सुपरवायझरीचा अनुभव इथे कामी येईल. प्रवेशाच्या अटी, फी आणि राहण्याचा खर्च आधी नीट विचारून घ्या. वर्षभर घराबाहेर राहावं लागलं तर तो खर्चही तुटीत धरा.

पीएफला हात लावू नका. 10 वर्षांच्या वर नोकरी झालीय, 58 व्या वर्षी पेन्शनचा हक्क आहे.

या आठवड्यात लोटे आणि महाडच्या तीन कारखान्यांत ओळखीच्या माणसांना फोन करा. एमबीए असतं तर बोलावलं असतं का, आणि सेफ्टीचा डिप्लोमा असता तर, एवढंच विचारा. उत्तरं मला कळवा. तोवर ठेव मोडू नका.