अकोल्याच्या उन्हाळ्यात, एसी नसलेल्या खोलीत हाय-एंड गेमिंग पीसी: पार्ट्स कोणते घ्यावेत आणि कूलिंग कसं करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मॉनिटर सोडून बजेट तीन लाखांच्या आसपास, गेम १४४०पी आणि ४के दोन्हीवर खेळायचे, खोलीत एसी नाही, उन्हाळ्यात डेझर्ट कूलर चालतो. दुकानदार ३६० चा (३६० मिलिमीटर रेडिएटरचा) लिक्विड कूलर, समोरून काच असलेलं कॅबिनेट आणि इंटेलचा आय९ सुचवतोय. हे घ्यावं का?

घेऊ नका. यातली एकही वस्तू तुमच्या खोलीला धरून निवडलेली नाही.

गेम चालू असताना उष्णता कुठे तयार होते ते आधी बघा. रायझेन ७ ९८००एक्स३डी हा प्रोसेसर बहुतेक गेममध्ये ६० ते ८० वॅट घेतो. आरटीएक्स ५०८० या ग्राफिक्स कार्डाचं रेटिंग ३६० वॅट. म्हणजे कॅबिनेटमधली जवळपास चार पंचमांश उष्णता ग्राफिक्स कार्डाची. प्रोसेसरवर कितीही महागडा लिक्विड कूलर बसवला तरी तो त्या उष्णतेला हात लावत नाही.

दुसरं म्हणजे कूलर हवेचा असो की पाण्याचा, तो खोलीपेक्षा थंड काहीच करू शकत नाही. खोलीच्या वर किती अंश जायचं एवढंच तो ठरवतो. रिव्ह्यूत २३ अंशांच्या खोलीत कार्ड ६५ वर दिसलं, तर ते खोलीच्या ४२ अंश वर आहे. मे महिन्यात तुमच्या खोलीत ४० असेल तर तेच कार्ड, त्याच पंख्याच्या वेगावर, ८२ च्या घरात जाणार. तिथून पंखे ओरडायला लागतात आणि क्लॉक (चिपचा वेग) हळूहळू उतरतो. आणि कार्ड खोलीतली हवा ओढत नाही, कॅबिनेटमधली ओढतं. ती हवा खोलीपेक्षा ८ अंशांनी गरम असेल तर ते ८ अंश सरळ कार्डाच्या आकड्यात येऊन बसतात. म्हणून पैसे लावायचे ते मोकळ्या जाळीच्या कॅबिनेटवर.

आता पार्ट्स. प्रोसेसर ९८००एक्स३डी घ्या. यात ९६ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे, गेमला फायदा होतो तो तिचाच. आधीच्या ७८००एक्स३डी मध्ये हा कॅशचा थर कोअर्सच्या (गणित करणाऱ्या भागांच्या) वर होता, त्यामुळे उष्णता अडायची आणि तापमानाची मर्यादा ८९ अंश ठेवावी लागली होती. ९८००एक्स३डी मध्ये कॅश खाली गेली, कोअर्स थेट झाकणाला भिडले, मर्यादा ९५ झाली. उष्ण गावासाठी हा बदल मोलाचा आहे. १३व्या आणि १४व्या पिढीचे आय९ पूर्ण लोडवर २५३ वॅटपर्यंत जातात. शिवाय त्यांच्यातला जादा व्होल्टेजचा दोष २०२४ मध्ये इंटेलने मान्य केला, मायक्रोकोड (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट दिले, वॉरंटीही दोन वर्षांनी वाढवली. अपडेट झाले असले तरी नव्याने पैसे घालायला ते प्लॅटफॉर्म मी सुचवणार नाही.

प्रोसेसरसाठी दोन टॉवरचा हवेचा कूलर पुरतो: थर्मलराइटचा फँटम स्पिरिट १२० एसई किंवा पीअरलेस असॅसिन १२० एसई. उंची १५५ मिलिमीटरच्या आसपास, म्हणून कॅबिनेटमध्ये कूलरसाठी किमान १६० मिलिमीटर जागा हवी. इथे एक गोष्ट हमखास चुकते. पुढचा पंखा रॅमच्या डोक्यावर येतो. रॅमवर उंच आरजीबी पट्टी असली की पंखा वर सरकवावा लागतो आणि मग बाजूची काच बंद होत नाही. म्हणून रॅम बुटक्या हीटसिंकची घ्या. लिक्विड कूलरमध्ये पंप हा फिरणारा भाग असतो आणि द्रवही वर्षांगणिक थोडा थोडा उडतो. पंप गेला की नवा कूलर येईपर्यंत पीसी बंद. हवेच्या कूलरचा पंखा गेला तर दुसरा १२० चा पंखा अडकवून त्याच दिवशी काम सुरू. तरीही लिक्विडच हवा असेल तर रेडिएटर वरच्या बाजूला लावा. समोर लावला तर प्रोसेसरची गरम हवा कार्डाच्या तोंडावर जाते. पंप पूर्ण लूपमध्ये सगळ्यात उंचावर येता कामा नये, कारण हवेचे बुडबुडे तिथेच साचतात.

कॅबिनेट समोरून जाळीचंच. लिआन ली लॅनकूल २१६ हे चांगलं उदाहरण: समोर १६० मिलिमीटरचे दोन पंखे, मागे १४० चा एक, सगळे सोबतच येतात. समोरचे दोन हवा आत घेतील, मागचा बाहेर टाकेल. छतावर पंखा लावायचाच असेल तर मागच्या टोकाला एकच, बाहेर टाकणारा. छताच्या पुढच्या टोकाला बाहेर टाकणारा पंखा लावला की समोरून नुकतीच आत आलेली ताजी हवा कार्डापर्यंत पोचायच्या आधीच तो उडवून लावतो. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवा, म्हणजे धूळ फटींमधून न शिरता फिल्टरवर अडते. उन्हाळ्यात फिल्टर पंधरा दिवसांनी झटका. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटाने धरून ठेवा. जोरात फिरू दिली तर बेअरिंग जातं, शिवाय फिरत्या मोटरमुळे उलटा व्होल्टेज बोर्डाकडे जाऊ शकतो.

डेझर्ट कूलरबद्दल वेगळं सांगायला हवं, कारण विदर्भात तोच तुमचा खरा मित्र आहे. कोरड्या दुपारी तो खोली दहा-बारा अंशांनी सहज खाली आणतो आणि तेवढेच अंश कार्डावरूनही उतरतात. पण समोरची खिडकी उघडी हवी, नाहीतर ओलावा कोंडतो आणि कूलर निकामी होतो. पीसी कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. झोतासोबत पाण्याचे बारीक तुषार येतात, बोअरच्या पाण्यातले क्षार हीटसिंकच्या पात्यांवर पांढरे साचतात आणि त्यावर धूळ चिकटून बसते. झोताच्या बाजूला, पाच-सहा फूट लांब, टेबलावर किंवा स्टँडवर ठेवा. पीसीची मागची बाजू भिंतीपासून वीतभर तरी सुटी हवी. सगळ्यात वाईट काळ जूनचा पहिला पंधरवडा. हवा दमट होते, कूलर थंड करत नाही आणि उकाडा तसाच असतो. त्या दिवसांसाठी खालची पॉवर लिमिटची युक्ती कामाला येते.

कार्ड म्हणून ५०८० बरोबर: १६ जीबी मेमरी, तीन पंख्यांचं, जाड हीटसिंकचं मॉडेल. चकचकीत महाग मॉडेलवर जास्तीचे वीस-तीस हजार घालू नका. तेवढ्या पैशांत मिळणारा वेग डोळ्यांना जाणवत नाही. ५०९० चं रेटिंग ५७५ वॅट आहे. एसी नसलेल्या खोलीत तो हीटरच. कार्ड बसवल्यावर एमएसआय आफ्टरबर्नर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्क्यांवर आणा. ३६० चे २८८ वॅट होतात आणि फ्रेम्स साधारण पाच टक्क्यांच्या आसपासच घटतात. त्यापुढे व्होल्टेज-कर्व्ह बसवून अंडरव्होल्ट केलं (तोच वेग कमी व्होल्टेजवर चालवला) तर तेवढाही तोटा भरून निघतो. प्रोसेसरला बायोसमध्ये (मदरबोर्डाच्या सेटिंगमध्ये) कर्व्ह ऑप्टिमायझर, म्हणजे व्होल्टेज कमी करायची सेटिंग, उणे १५ पासून सुरू करा. खेळताना रीस्टार्ट होऊ लागला तर उणे १० वर या.

कार्डाला वीज देणारा १२व्ही-२x६ कनेक्टर पूर्ण आत गेलाय ना, हे बोटाने नाही, डोळ्यांनी बघा. प्लगची कड आणि कार्डाचं सॉकेट यांच्यात फट दिसता कामा नये. वायर तोंडापासून साडेतीन सेंटिमीटरपर्यंत सरळ जाऊ द्या, मग वाकवा. अर्धवट बसलेल्या पिना कमी जागेतून तेवढाच करंट नेतात, तापतात आणि प्लास्टिक वितळतं. काच लावताना तीच वायर दाबली जात असेल तर कॅबिनेट अरुंद आहे असं समजा.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) ८५० वॅट, गोल्ड, एटीएक्स ३.१ मानकाचा, उदाहरणार्थ कॉर्सेअर आरएम८५०ई. कार्ड क्षणभरासाठी रेटिंगच्या बरंच वर उडी मारतं, ती झेलण्याची अट या नव्या मानकात आहे. जुन्या एसएमपीएसच्या मॉड्युलर केबल नव्याला कधीही लावू नका. एसएमपीएसकडचं टोक दिसायला सारखं असलं तरी पिनांची मांडणी कंपनीगणिक बदलते, आणि चुकीच्या पिनेवर १२ व्होल्ट गेले की ड्राइव्ह जागीच जळतो.

वीज गेल्यावर सांभाळायला ६०० व्हीएचा साधा यूपीएस पुरत नाही, त्याची क्षमता ३६० वॅटच्या आसपास असते. निदान ९०० वॅट देणारा, प्युअर साइन वेव्हचा घ्या. घरचा स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टर या पीसीला जोडू नका. आणि अर्थिंग तपासून घ्या. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर एसएमपीएस खराब आहे असं लोकांना वाटतं. बहुतेक वेळा सॉकेटमध्ये अर्थच नसतो आणि फिल्टरमधून झिरपणारी वीज पत्र्यावर येते. वायरमनला बोलवा, एसएमपीएस बदलत बसू नका.

बाकीचं भरभर. मदरबोर्ड बी८५० चिपसेटचा, वायफाय असलेला. एक्स८७० वर जास्तीचे पैसे घालून गेममध्ये एक फ्रेमही वाढत नाही. जुना बी६५० स्वस्तात मिळाला तर बायोस फ्लॅशबॅकचं (पीसी सुरू न करता बायोस अपडेट करायचं) बटण आहे ना बघा, कारण जुन्या बायोसवर ९८००एक्स३डी सुरूच होणार नाही. रॅम डीडीआर५-६०००, सीएल३० (प्रतिसादाला लागणारा वेळ, कमी तेवढा चांगला), १६ जीबीच्या दोन. २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव इतके भडकलेत की गेमसाठी ६४ जीबीचा हट्ट धरण्यात अर्थ नाही. ‘नंतर अजून दोन टाकू’ असा विचारही करू नका. या प्लॅटफॉर्मवर चार रॅम लावल्या की वेग बराच खाली आणावा लागतो. एसएसडी जेन४ (चौथ्या पिढीच्या पीसीआय एक्स्प्रेस) चा २ टीबी, एसएन८५०एक्स किंवा ९९० प्रो. जेन५ जास्त तापतो आणि गेम लोड होण्यात फरक नगण्य.

जोडणी करताना कूलरच्या तळाची आणि एसएसडीच्या हीटसिंकखालची प्लास्टिकची फिल्म काढायला विसरू नका. एएम५ (या प्रोसेसरचं सॉकेट) वर मागची पट्टी तशीच ठेवून फक्त पुढचे प्लास्टिकचे कंस काढायचे असतात. कूलरचे दोन स्क्रू आळीपाळीने दोन-दोन फेरे पिळा, एक पूर्ण आवळून मग दुसरा नाही. रॅम प्रोसेसरपासून दुसऱ्या आणि चौथ्या स्लॉटमध्ये. पहिल्यांदा चालू केल्यावर स्क्रीन काही मिनिटं काळी राहते, बोर्ड रॅमचं ट्रेनिंग करत असतो. दहा मिनिटं थांबा, घाबरून स्विच बंद करू नका. मग बायोसमध्ये एक्स्पो (रॅमचा पूर्ण वेग लावणारी सेटिंग) चालू करा, नाहीतर रॅम कमी वेगावरच चालेल. मॉनिटरची केबल कार्डाला लावा, मदरबोर्डाला नाही.

कॅबिनेटचे पंखे मदरबोर्ड प्रोसेसरच्या तापमानावर फिरवतो, आणि तापतं कार्ड. फॅन कंट्रोल नावाचं मोफत सॉफ्टवेअर घाला आणि समोरचे-मागचे पंखे कार्डाच्या तापमानाला जोडा: ५० अंशांपर्यंत ४० टक्के, ७५ ला ८० टक्के.

मग दुपारी, खोली सगळ्यात गरम असताना, एखादा जड गेम ४५ मिनिटं चालवा आणि एचडब्ल्यूइन्फो या तापमान दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये कार्डाचा आकडा टिपा. पाच-दहा मिनिटांच्या आकड्याला किंमत नाही, तोवर कॅबिनेट पूर्ण तापलेलंच नसतं. त्यानंतर गेम चालूच ठेवून बाजूची काच काढा आणि आणखी दहा मिनिटं बघा. आकडा दोन-तीन अंशांनीच उतरला तर हवेची सोय ठीक आहे, उरलेली गरमी खोलीची. सहा-सात अंशांनी उतरला तर कॅबिनेट गुदमरतंय: फिल्टर बघा, पंख्यांची दिशा बघा, छतावरचा पुढचा पंखा काढून टाका आणि चाचणी पुन्हा घ्या.