सिम्युलेशनचे ६० किलो, रस्त्यावरचे ३८: नव्या विंगआधी मोजणी

आपण लिहिले आहे की सिंधुदुर्ग किनाऱ्यावरच्या आपल्या महाविद्यालयाच्या फॉर्म्युला स्टुडंट गाडीला (विद्यार्थ्यांनी स्वतः बांधलेली स्पर्धेची गाडी) सीएफडीच्या, म्हणजे हवेच्या प्रवाहाच्या संगणकीय सिम्युलेशनच्या, हिशेबाने ताशी ६० किलोमीटर वेगाला ६० किलो डाउनफोर्स, म्हणजे हवेने गाडीला खाली दाबणारा जोर, मिळायला हवा होता, सस्पेंशनच्या डॅम्परवरच्या (शॉक अॅब्सॉर्बरवरच्या), तो किती दबला हे मोजणाऱ्या सेन्सरांनी मात्र ३८ च्या आसपास दाखवला, आणि म्हणून पुढच्या हंगामासाठी मागची विंग तीनऐवजी चार घटकांची, म्हणजे एकामागे एक लावलेल्या चार पात्यांची, करावी का. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एका संघाचे एरोचे, म्हणजे गाडीभोवतीच्या हवेच्या प्रवाहाचे, काम मी पूर्वी पाहत असे, आणि जवळजवळ याच प्रमाणातला फरक आमच्याही नोंदवहीत होता. विंग कशी काम करते हे आपल्याला ठाऊक आहेच, तेव्हा थेट मत सांगतो: हे २२ किलो कुठे गेले याचा छडा लागेपर्यंत नव्या विंगला हात लावू नका.

हवेच्या घनतेला यात फारसा दोष देता येणार नाही. सीएफडीत बहुधा घनमीटरला १.२२५ किलो हा आकडा आपोआप धरलेला असतो, तर ऑक्टोबरमधल्या आपल्या दमट, उष्ण किनाऱ्यावर घनता १.१५ च्या जवळपास असते, कारण उष्ण हवा विरळ होते आणि बाष्पही कोरड्या हवेपेक्षा हलके असते. म्हणजे ६० चे ५६ झाले. जानेवारीत स्पर्धेच्या वेळी कोइम्बतूरच्या करी मोटर स्पीडवेवर, सुमारे ४०० मीटर उंचीवर, आणखी दोनएक किलो कमी होतील. उरलेली तूट दुसरीकडे आहे.

पहिला संशय वाऱ्यावर घ्या. ताशी ६० किलोमीटर म्हणजे सेकंदाला १६.७ मीटर, समोरून सेकंदाला केवळ २ मीटरचा वारा असला तर डाउनफोर्स सुमारे २५ टक्क्यांनी जास्त दिसतो आणि तोच वारा पाठीमागून असला तर जवळजवळ तितकाच कमी दिसतो, कारण बल वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. दुपारच्या खाऱ्या वाऱ्यात एकाच दिशेने केलेल्या धावेचा आकडा म्हणूनच निरुपयोगी ठरतो. त्याच पट्ट्यावर लगेच उलट दिशेने धाव घेऊन सरासरी काढली तर चूक दीड टक्क्यापर्यंत खाली येते. पहाटेचा मतलई वारा मंदावल्यानंतर आणि खारा वारा सुटण्याआधी जो शांत वेळ मिळतो, तोच आपल्या किनाऱ्यावरचा चाचणीचा वेळ आहे.

दुसरा संशय मोजण्याच्या पद्धतीवर. वेग स्थिर ठेवण्यासाठी मागच्या चाकांना सतत जोर द्यावा लागतो, आणि सस्पेंशनमध्ये अँटी-स्क्वॉट (वेग घेताना मागचा भाग खाली बसू न देणारी रचना) असेल तर तो जोर गाडीचा मागचा भाग वर उचलून धरतो, त्यामुळे डॅम्पर कमी दबतात आणि डाउनफोर्स आहे त्यापेक्षा कमी भासतो. क्लच दाबून गाडी मोकळी सोडा आणि ताशी ६० किलोमीटरचा टप्पा ओलांडतानाची नोंद घ्या. तिसरा संशय विंगच्या आधारावर. नियमपुस्तिकेतली २०० न्यूटनची (सुमारे २० किलो भाराची) तपासणी विंगने पार केली, याचा अर्थ पूर्ण भाराखाली तिचा कोन बदलत नाही असा होत नाही. वाळूच्या पिशव्या लावून भार द्या आणि कोन मोजा. शेवटी फ्लॅपच्या, म्हणजे विंगच्या मागच्या पात्यांच्या, खालच्या पृष्ठभागावर लोकरीचे आखूड धागे चिकटवून मोबाइलने चित्रण करा. धागे फडफडत असतील किंवा उलटे वळत असतील, तर त्या जागी प्रवाह विंगपासून सुटलेला आहे.

हे सगळे विद्यार्थ्यांपुरते आहे असे समजू नका. फॉर्म्युला वनमध्ये विंड टनेलमधले प्रारूप मूळ गाडीच्या ६० टक्क्यांपेक्षा मोठे चालत नाही, हवेचा वेगही सेकंदाला ५० मीटरपर्यंतच ठेवता येतो, आणि २०२२ पासून अव्वल संघाला मूळ चाचणी-कोट्याच्या ७० टक्के तर दहाव्या संघाला ११५ टक्के चाचण्या मिळू लागल्या. इतकी साधने असूनही २०२४ मध्ये बार्सिलोनाला आणलेल्या नव्या भागांमुळे फेरारीची गाडी वेगवान वळणांत उसळू लागली. सिल्व्हरस्टोनला शुक्रवारच्या सरावात जुने आणि नवे भाग ताडून पाहून त्यांनी उरलेल्या दिवसांसाठी जुने भाग बसवले. मॅक्लारेनने २०२३ चा हंगाम मागे राहून सुरू केला आणि ऑस्ट्रियापासून आलेल्या सुधारणांनी तो पालटला. हंगामातली एरो-सुधारणा ही अशी असते: एक बदल, त्याची प्रत्यक्ष ताडणी, मग पुढचा बदल.

आमची सर्वांत मोठी हानी मात्र गाडीवर झालीच नाही, ती कागदावर झाली, आणि याविषयी मला अजूनही मनापासून चीड आहे. ताडणीसाठी सरळ, सपाट डांबर लागते. आमच्या जवळ सड्यावरच्या एका औद्योगिक वसाहतीत बंद पडलेल्या भूखंडांमधून जाणारा, रहदारी नसलेला रस्ता होता. पाऊस सरताच आम्ही संबंधित कार्यालयाकडे, रविवारच्या सकाळी काही तास तो वापरू देण्याची विनंती केली. तिथून सांगण्यात आले की आधी पोलिसांचे ना हरकत प्रमाणपत्र आणा. पोलिसांकडे गेल्यावर त्यांनी, रस्ता ज्यांच्या ताब्यात आहे त्यांचे पत्र आधी हवे, असे सांगितले, आणि ते रास्तच होते. परत गेल्यावर अर्ज मार्गदर्शनासाठी वरिष्ठांकडे पाठवला असल्याचे कळले. पुढच्या खेपेला नस्ती ज्यांच्याकडे होती ते रजेवर होते, आणि त्यानंतर विम्याची अशी एक अट पुढे आली जी पहिल्याच दिवशी सांगता आली असती. कोणीही नकार दिला नाही. नकार मिळाला असता तर आम्ही दुसरी जागा शोधली असती. दिवाळी गेली, डिसेंबर सरला, आणि नवी पुढची विंग, नवा डिफ्यूझर (गाडीच्या तळाशी मागे वर चढत जाणारा भाग) आणि गाडीची जमिनीपासूनची बदललेली उंची हे तिन्ही बदल एकदम, एकाचीही वेगळी मोजणी न होता, कोइम्बतूरला गेले. तिथे गाडी वळणात पुढून सरकू लागली, आणि तिघांपैकी कोणता बदल त्याला कारणीभूत होता हे सांगण्याचा कोणताही आधार आमच्याजवळ नव्हता. वर्षभराचे काम असे निरुत्तर राहिले.

म्हणून माझा सल्ला असा, आणि प्रत्येक ठिकाणची कार्यालये सारखी नसतात हेही मान्य करतो: जागेचा अर्ज जूनमध्येच करा, तो विद्यार्थ्यांच्या नव्हे तर प्राचार्यांच्या सहीने जाऊ द्या, आवक क्रमांक असलेली पोच घ्या, सोबत विमा, रुग्णवाहिका आणि अग्निशामक साधनांची व्यवस्था आधीच लिहून द्या, आणि त्याच दिवशी दुसऱ्या एखाद्या खासगी जागेसाठीही विचारणा करून ठेवा. परवानगीविना सार्वजनिक रस्त्यावर गाडी काढू नका. रस्ता कितीही मोकळा दिसला तरी नाही.

पावसाळ्याचे चार महिने साच्यांसाठी वापरता येतात, फक्त दमट हवेत इपॉक्सीच्या पृष्ठभागावर चिकट थर येतो, तो कोमट पाण्याने धुऊन आणि पॉलिश पेपरने घासूनच पुढचा थर द्यावा, नाहीतर थर सुटतात. मिरकरवाड्यापासून मालवणपर्यंत फायबरच्या होड्या बांधणारे कारागीर या हवेत वर्षानुवर्षे काम करत आले आहेत. रेझिन वेगळे असले तरी साचा, मेण आणि हवेचे बुडबुडे यांबाबत त्यांचा शब्द मी कोणत्याही पुरवठादाराच्या माहितीपत्रकापेक्षा वर ठेवीन.

चौथ्या घटकाविषयी: आपली गाडी मी पाहिलेली नाही, तेव्हा हे अंदाजानेच घ्यावे. धाग्यांनी दुसऱ्या किंवा तिसऱ्या घटकावर प्रवाह सुटलेला दाखवला तर चौथा घटक लावण्याऐवजी घटकांमधल्या फटींची रुंदी आणि फ्लॅपचे कोन बदलून पाहा. प्रवाह सर्वत्र चिकटलेला असेल, आधार वाकत नसेल आणि दोन्ही दिशांच्या सरासरीतही तूट राहत असेल, तर सीएफडीत चाके फिरती आणि जमीन सरकती ठेवली होती का, आणि चालकाचे हेल्मेट प्रारूपात होते का, ते तपासा. मागच्या विंगच्या मधल्या भागाला मिळणारी हवा त्या हेल्मेटवरूनच येते.