मोरपिशी हॉल आणि साडेतीन लाखांचं कोटेशन

पुण्यातल्या धायरीहून एका वाचक ताईंचं पत्र आलंय. थोडक्यात असं: घर स्वतःचं, 2 बीएचके, कार्पेट 680 चौरस फूट, इमारत आठ वर्षांची. बिल्डरने दिलेला पांढुरका रंग आता ठिकठिकाणी मळलाय. ताईंना हॉल मोरपिशी हवाय, बेडरूमची एक भिंत गडद मरून आणि सहा वर्षांच्या लेकीच्या खोलीत झेंडूसारखा पिवळा. कॉन्ट्रॅक्टरचं कोटेशन 3,55,416 रुपयांचं. नवरा-बायको दोघांचे मिळून हातात येतात 1,20,000. गृहकर्जाचा हप्ता 41,000, एसआयपी 15,000, घरखर्च 48,000. बँकेत तीन लाखांची एफडी, आणि दिवाळीला साधारण 60,000 बोनस. चार-पाच वर्षांत मोठं घर घेऊन हे विकायचा किंवा भाड्याने द्यायचा विचार आहे. सासूबाई म्हणतात, "गडद रंगाचं घर कुणी घेत नाही, क्रीम द्या." ताईंचा प्रश्न: एफडी मोडू, पर्सनल लोन घेऊ, की गृहकर्जावर टॉप-अप, म्हणजे त्याच कर्जावर वाढीव कर्ज?

ताई, प्रश्न पैसे कुठून आणायचे असा विचारलात, पण मी आधी कोटेशन घेऊन बसलो. तुम्ही सोबत पाठवलंत हे फार बरं केलंत. लोक नुसता शेवटचा आकडा कळवतात आणि मग मी काय डोंबल सांगणार?

छतासकट संपूर्ण घराला पुट्टी, प्रायमर आणि लक्झरी इमल्शन (भारी प्रतीचा पाण्यातला रंग), 2,200 चौरस फुटांना 48 रुपयांनी: 1,05,600. हॉलच्या तीन भिंतींना, म्हणजे 300 फुटांना, चकचकीत स्टुको फिनिश (संगमरवरासारखा दिसणारा गुळगुळीत लेप) 220 रुपयांनी: 66,000. बेडरूमच्या 110 फूट भिंतीला टेक्स्चर (खरबरीत नक्षीचा लेप) 160 रुपयांनी: 17,600. दारं आणि कपाटांना पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिश: 1,00,000. ग्रिल आणि बाल्कनीला ऑइलपेंट: 12,000. वर 18 टक्के जीएसटी.

आता यात मोरपिशी कुठे आहे ते शोधा. मला तरी सापडला नाही. गडद छटेचा बेस वेगळा असतो आणि दुकानातल्या छटा मिसळणाऱ्या टिंटिंग मशीनमधून त्यात रंगद्रव्य जास्त पडतं, म्हणून लिटरचा दर वाढतो. गडद भिंतीला रंगाच्या दोन हातांत (थरांत) भागत नाही, तिसरा मारावा लागतो. पिवळा आणि लाल तर खाली काय आहे ते झाकण्यात फारच कच्चे. पिवळ्याला कधी कधी चौथा हातही लागतो. हे सगळं धरून चौरस फुटाला दहा रुपये जादा मोजा. तुमच्या तिन्ही खोल्यांतल्या गडद भिंती, लेकीच्या खोलीत एकच भिंत पिवळी धरून आणि हॉलची जी एक भिंत मी पुढे स्टुकोत ठेवतो ती वगळून, फार तर 400 फूट भरतील. म्हणजे धाडसी रंगाची जादा किंमत चार हजार रुपये! साडेतीन लाखांत चार हजार.

महाग आहे ते फिनिश. स्टुको, टेक्स्चर आणि पीयू मिळून 1,83,600, जीएसटीसकट 2,16,648. मोरपिशी हॉलचं स्वप्न तुमचं होतं, त्यात चकाकी घालायची कल्पना बहुधा कॉन्ट्रॅक्टरची असावी. तसं नसेल तर माफ करा.

माझं आजोळ सदाशिव पेठेतल्या वाड्यात. दर दिवाळीआधी चुन्यात नीळ कालवून भिंती निळ्याशार व्हायच्या, आणि स्वयंपाकघरात खाली कमरेपर्यंत गडद हिरव्या ऑइलपेंटचा पट्टा, हात लागून मळू नये म्हणून. रंगाच्या बाबतीत तो वाडा आजच्या कुठल्याही सॅम्पल फ्लॅटपेक्षा धीट होता, आणि खर्च चुना, नीळ आणि मामाचा एक रविवार. हा पांढरट-क्रीमचा सोवळेपणा अगदी अलीकडचा, सगळ्या फ्लॅटना एकाच बादलीतून रंग देणाऱ्या बिल्डरांनी लावलेला. तेव्हा रंगाच्या बाबतीत मी तुमच्या बाजूने आहे.

चकाकीबद्दल मात्र एक सांगायला हवं. ग्लॉसमध्ये भिंतीचा प्रत्येक उंचवटा दिसतो. खिडकीतून तिरका उजेड आला की पुट्टीच्या पात्याचे फटकारे मोजता येतात. आठ वर्षांच्या इमारतीत भिंती ओळंब्यात असतीलच असं नाही, आणि गडद रंगाने तो दोष दुप्पट उठून दिसतो. मॅट, म्हणजे बिनचमकीचा रंग, हे सगळं पोटात घेतो. पण गडद मॅटवर हात घासला, ओलं फडकं जोरात फिरवलं की तेवढा भाग चकाकायला लागतो, आणि तो डागासारखाच दिसतो. लहान मूल असलेल्या घरात हॉलला सॉफ्ट शीन (हलकी चमक) आणि बेडरूमला मॅट हा मधला मार्ग बरा.

म्हणून माझा हिशोब असा. छत पांढरंच ठेवा, साध्या इमल्शनमध्ये. 680 फुटांना 24 रुपयांनी 16,320. छताला लक्झरी इमल्शन कशाला, तिथे कुणाचे हात लागतात? भिंती 1,520 फूट, कॉन्ट्रॅक्टरच्याच 48 च्या दराने 72,960. गडद भिंतींचा जादा खर्च 4,000. हॉलमध्ये दारातून आत आल्यावर समोर दिसते ती एकच 110 फुटांची भिंत स्टुकोत करा, हौस म्हणून: 24,200. ग्रिल 12,000, कारण लोखंड गंजू देणं महागात पडतं. बेरीज 1,29,480, जीएसटी धरून 1,52,786. घर तेच, रंग तेच, आणि दोन लाख शिल्लक. पीयू पॉलिश वाईट नाही, या यादीत सर्वांत टिकाऊ तेच आहे. पण ज्या घरात तुम्ही चार-पाच वर्षंच राहणार त्या कपाटांसाठी ते आज नको. फारच वाटलं तर मुख्य दाराला मेलामाइन, म्हणजे पीयूपेक्षा स्वस्तातलं पॉलिश, करून घ्या.

आता पैशांकडे येऊ. तुम्ही सुचवलेल्या तिन्ही वाटांना माझा नकार आहे, पण कारणं वेगवेगळी.

पर्सनल लोन समजा 14 टक्क्यांनी, तीन वर्षांसाठी, पूर्ण रकमेचं घेतलंत. हप्ता साधारण 12,100, आणि व्याजच सुमारे 82,000. गृहकर्जाचा हप्ता धरून उत्पन्नातले 44 टक्के हप्त्यांत जातील. महिन्याला तुमच्याकडे 16,000 उरतात, त्यातले चारच राहतील. एक दाढदुखी आली की संपलं.

टॉप-अप दिसायला सर्वांत गोड आणि म्हणूनच मला त्याची सर्वांत जास्त धास्ती. साडेनऊ टक्के, पंधरा वर्षं, हप्ता फक्त 3,700. कुणालाही परवडेल. पण एकूण व्याज तीन लाखांच्या वर जातं. रंग सहा-सात वर्षांत पुन्हा काढावा लागतो. म्हणजे या भिंतीवर दुसऱ्यांदा रंग चढून तोही जुना झाला तरी पहिल्या रंगाचे हप्ते चालूच. शिवाय पाच वर्षांत तुम्ही घर विकणार. त्या भिंती दुसऱ्याच्या होतील तेव्हाही तुमच्या रंगाची बरीचशी मुद्दल उरलेली असेल आणि ती विक्रीच्या पैशातून फेडावी लागेल. घरदुरुस्तीच्या कर्जावर करसवलत मिळते असं कुणीतरी सांगितलंय म्हणता. वर्षाला 30,000 पर्यंतच्या व्याजाची ती वजावट जुन्या करप्रणालीत आहे, तीही दोन लाखांच्या एकूण मर्यादेच्या आतच. तुम्ही दोघंही नव्या प्रणालीत आहात, तेव्हा तो विषय इथेच संपला.

आणि एफडी. तीन लाख म्हणजे हप्ता अधिक घरखर्च धरून जेमतेम सव्वातीन महिने. ती रंगासाठी नाहीच. कॉन्ट्रॅक्टर "नो कॉस्ट ईएमआय करून देतो" म्हणाला असेल तर त्याला आधी रोखीचा भाव विचारा. रिझर्व्ह बँकेने 2013 मध्येच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज असं काही नसतं. व्याज प्रोसेसिंग फीमध्ये किंवा न मिळालेल्या सवलतीत लपलेलं असतं.

मग पैसे कुठले? तुमचेच. ऑगस्ट ते जानेवारी सहा महिने 16,000 बाजूला टाकलेत की 96,000, त्यात दिवाळीचा बोनस 60,000. झाले 1,56,000. एसआयपीला हात लावायचा नाही, एफडीला नाही. वेगळ्या खात्यात ठेवा, नाहीतर ते पैसे लक्ष्मी रोडच्या दुकानांत पोचतील.

म्हणजे काम फेब्रुवारीत. दिवाळीआधी नाही, हे ऐकून तुम्ही नाराज व्हाल, पण पुण्यात रंगाला यासारखा काळ नाही. दसरा-दिवाळीच्या मधे सगळं शहर एकदम रंगवायला काढतं, कारागीर घाईत असतात, बऱ्याच जणांना छठला गावी पोचायचं असतं, आणि भिंतींत पावसाची ओल असते. ओल्या भिंतीवर पुट्टी चढवली की सहा महिन्यांत पोपडे. जानेवारी-फेब्रुवारीत हवा कोरडी, हात लवकर वाळतात आणि भावाला घासाघीस करायला जागा असते.

पावसाळ्याचा उपयोग वेगळा आहे: ओल शोधायला. आत्ता जुलै आहे, रोज भिंतींवर हात फिरवा. नैऋत्येकडच्या भिंतीला, बाथरूमच्या पलीकडच्या भिंतीला लोणा आलेला दिसला तर फोटो तारखेसकट काढून ठेवा. बाहेरच्या भिंतीतून किंवा गच्चीवरून येणारी गळती दुरुस्त करणं हे आदर्श उपविधींप्रमाणे सोसायटीचं काम आहे. तुमच्या रंगाच्या बजेटातून ते करू नका. सोसायटीला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. फेब्रुवारीपर्यंत सात महिने आहेत, सोसायटीच्या कारभाराला तेवढे लागतातच.

सासूबाईंचं म्हणणं अर्धं खरं आहे. भाड्याने द्यायचं असेल तर मरून बेडरूम पाहून काही भाडेकरू परत फिरतील. आणि भाड्याच्या उत्पन्नातून रंगाचा खर्च वेगळा वजा होत नाही, दुरुस्तीसाठी म्हणून सरसकट 30 टक्के वजावट मिळते, रंग द्या नाहीतर देऊ नका. विक्रीचं मात्र तसं नाही. पुण्यात जुना फ्लॅट घेणारा आत यायच्या आधीच मनात भिंती रंगवून मोकळा झालेला असतो. क्रीम असलं तरी "रंग काढावाच लागेल हो" म्हणून भाव पाडतोच. उलट, रंगाचे पैसे विक्रीच्या किमतीत वसूल होतील अशीही आशा धरू नका, आणि नफ्याच्या करात हा खर्च साधारणपणे घरातली सुधारणा म्हणून धरला जात नाही, तो देखभालीतच जातो. गडद पुसून पुन्हा फिकं करायला माझ्या योजनेत बारा-तेरा हजार लागतील: साध्या भिंतींना प्रायमर आणि एक जादा हात, स्टुकोच्या भिंतीला खरडून नव्याने पुट्टी. तीन भिंती स्टुकोत केल्यात तर खरडपट्टीच अठरा हजारांची होते. चार-पाच वर्षांच्या आनंदाला बारा हजारांचा परतीचा खर्च मला जास्त वाटत नाही.

गडद हॉलमुळे विजेचं बिल वाढेल, ही नवऱ्याची शंकाही मोजून टाकली. वीस वॅटचे दोन दिवे रोज पाच तास जादा लागले तर महिन्याला सहा युनिट. शंभर रुपयांच्या आत. हा मुद्दा सोडून द्या.

काम देताना मात्र डोळ्यांत तेल घाला. कोटेशनवर 18 टक्के लावलेत, पण जीएसटी क्रमांक दिसत नाही. तो मागा. कॉन्ट्रॅक्टर कंपोझिशन योजनेत (छोट्या व्यावसायिकांसाठीची ठोक कराची सोय) असेल किंवा नोंदणीच नसेल तर त्याला तुमच्याकडून वेगळा जीएसटी घेता येत नाही, आणि माझ्या हिशोबातही ही रक्कम तेवीस हजारांची आहे. कोणत्या भिंतीला किती हात, हे कागदावर यायला हवं. "पूर्ण होईपर्यंत" असं लिहून देतात, ते चालणार नाही. रंग शक्यतो स्वतः दुकानातून आणा आणि बादल्या तुमच्यासमोर फुटू द्या. बऱ्याच बादल्यांत रंगाऱ्यासाठी कंपनीचं बक्षिसाचं टोकन असतं, त्यामुळे "साहेब, हीच कंपनी घ्या" या आग्रहामागे नेहमी भिंतीचंच हित असतं असं नाही. एका खोलीची गडद छटा एकदम टिंट करून घ्या, नंतर आणलेला लिटर तंतोतंत जुळेलच असं नाही. अर्धा लिटर, छटेचा क्रमांक लिहून, माळ्यावर ठेवा. आगाऊ पैसे वीस टक्क्यांच्या वर नकोत.

मोरपिशीचा छोटा डबा आत्ताच आणा. जुन्या पुठ्ठ्याच्या खोक्यावर तीन फूट बाय तीन फूट दोन-तीन हात मारा आणि तो पुठ्ठा महिनाभर हॉलमध्ये फिरवत राहा: सकाळी, भर पावसात, रात्री ट्यूबलाइटखाली. सासूबाईंच्या खुर्चीसमोरही आठवडाभर टेकवा. आणि रंग लागल्यावर मार्चपासून महिन्याला 2,100 रुपयांचं रिकरिंग चालू करा. सहा वर्षांनी, या घरात असा नाहीतर दुसऱ्या, कोटेशन येईल तेव्हा मला पत्र लिहायची वेळ येणार नाही.